अक्काच्या नावाने पाठवलेलं

अक्का आमच्या वर्गात आली ती भांडायला. माझ्याशी नव्हे, स्वतःच्या धाकट्या बहिणीशी. बहीण राहते परदेशात, त्यामुळे भांडण ईमेलवरूनच करावं लागणार होतं, आणि अक्काने आयुष्यात कीबोर्डला बोट लावलेलं नव्हतं.

"मला बाकीचं काही शिकवत बसू नकोस," पहिल्याच दिवशी तिने मला बजावलं. "चार ओळी कशा लिहायच्या तेवढं दाखव. एकदा तिला सुनावलं की मी मोकळी आणि तूही मोकळी."

मी वाचनालयात नोकरी करते. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीन ते साडेचार मागच्या खोलीत साठीपुढच्यांना कॉम्प्युटर शिकवते. हे काम मी हौसेने घेतलेलं नाही, ते माझ्या गळ्यात मारलंय. सात कॉम्प्युटर, त्यातले दोन आजारी, एक खुर्ची डुगडुगणारी, आणि समोर बसलेली मंडळी अशी की माउस सरकवता सरकवता टेबलाची कड आली की हात तिथेच थांबवून माझ्याकडे बघत बसतात, आता पुढे कुठे न्यायचा म्हणून. मला चिडायला फार वेळ लागत नाही. पण ही माणसं विचारतात ते प्रश्न चांगले असतात, हेही खरं. निवृत्त तिकीट तपासनीस होते वर्गात, त्यांनी एकदा विचारलं, "इंटरनेट बंद कुठून करतात? म्हणजे सगळ्यांचं?" मी त्यांना भिंतीवरची दिवे लुकलुकणारी डबी दाखवून सांगितलं की ही बंद केली तर फक्त आपलं जाईल, बाकी जगाचं चालूच राहील. ते जरा नाराजच झाले.

अक्का रफूचं काम करते. बाजारातल्या एका इमारतीच्या जिन्याखाली तिचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा, डोळ्याला लावायचं भिंग आणि भिंतीभर धाग्यांची रिळं. कोटाला सिगारेटने भोक पडलं, शाल उंदराने कुरतडली, की लोक तिच्याकडे येतात. ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढते आणि भोकावर उभे-आडवे विणत जाते. काम झाल्यावर भोक कुठे होतं ते मालकालाही सापडत नाही. वय सासष्ट. लग्न केलं नाही. आई लवकर गेली तेव्हा मागची दोन भावंडं हिनेच वाढवली, मधला भाऊ आणि धाकटी बहीण. धाकटी जन्मतःच बहिरी. दोघींनी लहानपणी हातांच्या खुणांची स्वतःची भाषा तयार केली होती, आणि धाकटी शाळेत लिहायला शिकल्यावर अक्काच्या मागे लागून लागून तिलाही लिहायला लावून तिने घरात चिठ्ठ्यांचा सुळसुळाट केला होता. म्हणून तर फोनचा प्रश्नच नव्हता. धाकटीला ऐकू येत नाही आणि अक्काचा फोन बटणांचा, तो ती फक्त गिऱ्हाइकांसाठी वापरते.

आता अक्का मधल्या भावाकडे राहते. तो कचेरीत, त्याची बायको दुसऱ्या कचेरीत. सकाळचा स्वयंपाक अक्का करते, मग दुकान, संध्याकाळी परत येऊन पुन्हा स्वयंपाक. मुलंही तिच्याच हाताखाली वाढली. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी मात्र तक्रार म्हणूनच ऐकलं.

सहा वर्षांपूर्वी धाकटीला परदेशात काम मिळालं, घड्याळांचे भाग जोडायचं. तोवर दोघींची पत्रं टपालाने चालायची. मधला म्हणाला, आता कागद कशाला, ईमेल काढून देतो. त्याने कचेरीतल्या कॉम्प्युटरवर अक्काच्या नावाने पत्ता उघडला. रात्रीचं जेवण झालं की धाकटीचं पत्र आलं असेल तर तो ते वाचून दाखवायचा, अक्का उत्तर सांगायची, तो दुसऱ्या दिवशी पाठवायचा. तीन वर्षं असं चाललं. मग धाकटीची पत्रं यायची थांबली.

"का थांबली?" मी विचारलं.

"तेच तर विचारायचंय तिला. मधला म्हणाला, कामात असेल. मग म्हणाला, अक्का, परदेशात गेलं की माणसं बदलतात. मी तरी सांगून सांगून चार पत्रं पाठवली. एकाचं उत्तर नाही. जिला मी कडेवर घेऊन शाळेत सोडलं, तिने मला वाऱ्यावर सोडलं. सुनावायला नको?"

सुनावायलाच हवं, मी म्हटलं. मलाही त्या धाकटीचा राग आला होता.

तीन आठवडे अक्का अक्षरं शोधण्यात घालवत होती. तिची बोटं सुईची, भलतीच हलकी. बटण दाबलं गेलं की नाही हे कॉम्प्युटरलाही कळायचं नाही. मात्र एकदा दाखवलेलं ती विसरली नाही. चौथ्या आठवड्यात मी पासवर्ड शिकवला. नेहमीचं भाषण केलं: पासवर्ड कुणाला द्यायचा नाही, नवऱ्याला नाही, मुलाला नाही, मला तर मुळीच नाही.

"मी दिलाय," अक्का म्हणाली. "मधल्याला. त्याशिवाय तो पत्रं काढणार कशी?"

"नव्हता द्यायला हवा."

"अगं, आमच्या दुकानात बिल्ला असतो. पुठ्ठ्याचा तुकडा, अर्धा कपड्याला टाचलेला, अर्धा गिऱ्हाइकाकडे. जो बिल्ला आणेल त्याला कपडा द्यायचा. शेजाऱ्याला पाठवा, नोकराला पाठवा, मी विचारत नाही. चाळीस वर्षांत एक कपडा चुकीच्या घरी गेला नाही."

"बिल्ल्याने कपडा फक्त नेता येतो, अक्का. पासवर्डने तुमच्या नावाने आणूनही टाकता येतो."

ती पुन्हा अक्षरं शोधायला लागली. माझंही लक्ष तपासनीसांकडे गेलं, त्यांनी काहीतरी दाबून पडदा आडवा केला होता.

त्या शुक्रवारी मी प्रत्येकाला आपापला पत्ता उघडायला लावला. अक्काने पासवर्ड टाकला, तिच्या सगळ्यात जास्त लागणाऱ्या धाग्याचं नाव आणि नंबर. सहा वर्षांपूर्वी तिनेच मधल्याला सांगितला होता. त्याने तो बदललाही नव्हता. पत्रांची यादी उघडली, आणि वरच्या जाहिराती सोडल्या तर खाली धाकटीचं नाव ओळीने लागलेलं होतं.

"हे काय," अक्का म्हणाली. "ही तर तीन वर्षांपूर्वी थांबली होती ना?"

यादीतल्या तारखा मी बोटाने दाखवल्या. थांबली होती, पण मधल्याने सांगितलं त्यानंतर आठ महिन्यांनी. त्या आठ महिन्यांतली अकरा पत्रं होती. न वाचलेलं पत्र ठळक अक्षरात दिसतं, वाचलेलं साध्या, हे मी त्याच दिवशी शिकवलं होतं. अकराच्या अकरा साध्या अक्षरात.

"म्हणजे कुणीतरी वाचलीत," अक्का म्हणाली. एकदा दाखवलेलं ती विसरत नाही, हे मी आधीच सांगितलंय.

मी वर्ग लवकर सोडला. बाकीच्यांना सांगितलं, मशीनचं काहीतरी बिघडलंय. अक्का खुर्चीतून हलली नाही. ती एकेक पत्र उघडत होती आणि ओठ हलवत वाचत होती. मी शेजारी बसले होते, त्यामुळे सुरुवातीची दोन-तीन मीही वाचली. पहिल्या पत्रात धाकटीने लिहिलं होतं की अक्का, त्या घरात तू मोलकरणीसारखी राबतेस, दादाला ते दिसत नाही असं मला वाटत नाही, दिसून न दिसल्यासारखं करतो तो. लहानपणीही असाच होता. तू इकडे ये. माझ्याकडे खोली आहे, खिडकीशी टेबल आहे, इथे लोक कपडे फेकून देतात, तू रफूचं दुकान टाकलंस तर रांग लागेल.

पुढच्या पत्रात डॉक्टरने सांगितलेल्या ऑपरेशनबद्दल होतं. तिथे मी खुर्ची मागे घेतली. ते एका बाईने आपल्या बहिणीला लिहिलेलं होतं, त्यात कुणाचं आणि कशाचं ऑपरेशन, त्यानंतर घरातलं कोण निघून गेलं, हे सगळं होतं. मी तेवढंच पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

"त्या महिन्यात," अक्का पडद्याकडे बघतच म्हणाली, "मधला मला जेवताना म्हणाला होता, कामात असेल, तिकडे थंडीही फार असते. मी म्हटलं, तिला लिही, कान झाकून बाहेर पड. तो हसला. म्हणाला, लिहितो."

मी तेव्हा तिला घरी पाठवायला हवं होतं. पण मला राहवलं नाही. माझा स्वभावच तसा, अर्धवट उसवलेलं मला बघवत नाही. मी म्हटलं, "अक्का, डावीकडे 'पाठवलेले' लिहिलंय. तिथे दाबा."

"पाठवलेलं गेलं की. ते इथे कसं असेल?"

"ईमेलमध्ये पाठवलेल्याची नक्कल आपल्याकडेच राहते."

तिने दाबलं. अक्काच्या नावाने गेलेली पत्रं तिथे होती. सुरुवातीची तिने ओळखली, हो, हे मी सांगितलं होतं, हेही मीच. मग धाकटीने दादाबद्दल लिहिलेल्या त्या पत्राच्या दुसऱ्या दिवसापासून अक्काचा आवाज बंद झाला. त्यानंतरचं एकही पत्र तिचं नव्हतं. 'मी इथे सुखात आहे, माझ्या घरात नाक खुपसू नकोस.' 'मला तिकडे यायचं नाही, सारखं विचारू नकोस.' आणि ऑपरेशनच्या पत्राला दोन ओळींचं उत्तर: 'तुझं तू बघ. मला एवढं मोठं वाचायला वेळ नसतो.' खाली अक्काचं नाव.

शेवटचं पत्र धाकटीचं. 'बरं. नाही लिहीत.' आणि पत्रं थांबली म्हटल्यावर अक्काने सांगितलेली, मधल्याने 'पाठवतो' म्हणून घेतलेली ती चार पत्रं? ती कुठेच नव्हती. ती त्याने लिहिलीच नव्हती.

केसाने गळा कापणं म्हणतात ते मी पुस्तकात वाचलं होतं, त्या दिवशी शेजारच्या खुर्चीत पाहिलं. अक्का रडली नाही. तिने भिंग काढतात तसा चष्मा काढला, डोळे चोळले आणि विचारलं, "हे सगळं पुसता येतं का?"

"येतं. हवं तर आत्ता पुसून टाकते."

"मला नाही पुसायचं. येतं का तेवढंच विचारलं. किती वेळ लागतो?"

"मिनिटभर."

"मिनिटभर," ती म्हणाली. "तीन वर्षांत त्याला एवढाही वेळ काढावासा वाटला नाही."

तिने सगळं छापून मागितलं. वाचनालयाच्या नियमाप्रमाणे एका माणसाला दहाच पानं छापून मिळतात. मी चौतीस छापली.

पुढचा मंगळवार मी तिची वाट बघत होते. ती वेळेआधीच आली, नेहमीच्या जागी बसली, आणि न विचारता सांगायला लागली. शनिवारी जेवणाच्या आधी तिने ते कागद टेबलावर मधल्याच्या ताटाशी ठेवले. पदार्थ वाढले नव्हते, नुसती रिकामी ताटं होती. त्याने वरचं पान पाहिलं आणि पहिलं वाक्य काय बोलला, तर, "हे तुला कुणी काढून दिलं?"

"चुकलं असं नाही?" मी विचारलं.

"नाही. आधी विचारलं कुणी काढून दिलं. मग म्हणाला, ती माझ्याबद्दल काय काय लिहायची ते वाचलंस ना? मीच मोठ्याने वाचून दाखवायचं होतं का ते, बायकोसमोर, पोरांसमोर? मी म्हटलं, नव्हतं वाचायचं तर तेवढं सोडून द्यायचंस. मला कळलं नसतं. पण माझ्या तोंडी तू काय घातलंस? तर म्हणतो, अक्का, तू गेली असतीस तर इथे कसं झालं असतं? पोरं लहान होती. मी काय करायला हवं होतं?"

"आणि त्याची बायको?"

"ती ताटाकडे बघत होती. तिला ठाऊक होतं की नाही, मी विचारलं नाही. ठाऊक असेल तर मला ते ऐकायचं नव्हतं." अक्काने माउसवर हात ठेवला, उचलला. "मी त्याला एवढंच म्हटलं, अरे, पुसून तरी टाकायचंस. तर म्हणाला, मला काय माहीत तू कधी उघडशील."

खोट्या पत्रांपेक्षा हे वाक्य मला जास्त झोंबलं. तिलाही तेच झोंबलं होतं, तिच्या आवाजावरून कळत होतं. सहा वर्षं तो तिच्या समोर बसून तिच्या हातचं जेवत होता आणि त्याला खात्री होती की ही बाई काही शिकणार नाही. लपवायला लागावं एवढीही किंमत त्याने तिला दिली नव्हती. मला तेव्हा त्याच्या कचेरीत जाऊन त्याच्या टेबलावर त्या चौतीस कागदांची चळत आपटावीशी वाटली. अक्काला सांगितलं तर म्हणाली, "तुझे कागद वाया जातील."

त्या दिवशी तिने पासवर्ड बदलला. नवा काय ठेवलाय ते मला दिसू नये म्हणून तिने एका हाताने कीबोर्ड झाकला. मी खूश होऊन तोंड फिरवलं. मग ती धाकटीला लिहायला बसली. ज्या चार ओळी सुनावायला ती आली होती त्या गेल्या कुठल्या कुठे. दीड तासात तिने पुढचं लिहिलं, आणि त्यातलं एकही अक्षर मी टाइप केलं नाही:

'धाकटे, ही मी. मी कॉम्प्युटर शिकले. तुझी ती पत्रं मी शुक्रवारी पहिल्यांदा वाचली. तुला गेलेली उत्तरं माझी नाहीत. मधल्याने लिहिली. तू आजारी होतीस ते मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी चालत आले असते. तुला राग आला असेल तो बरोबर आहे. पण मला एकदा लिही.'

पाठवल्यावर ती पडद्याकडे बघत बसली. मी सांगितलं की उत्तर लगेच येईल असं नाही, तिकडे आता सकाळ आहे, ती कामावर असेल. अक्का म्हणाली, "मी काही लगेच ये म्हणत नाहीये." पण साडेचार वाजले तरी उठली नाही. वाचनालय सातला बंद होतं. ती सातपर्यंत बसली. घरी स्वयंपाक कोण करतंय, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाली, "हात त्यांनाही आहेत."

त्या आठवड्यात ती रोज दुपारी दुकान बंद करून यायची. वर्ग नसतानाही. मी तिला कोपऱ्यातला कॉम्प्युटर मोकळा ठेवायचे. ती आत आली की आधी पासवर्ड, मग यादी, मग एक सुस्कारा. एकदा मी म्हटलं, कदाचित विश्वास बसला नसेल तिचा. आजकाल कुणीही कुणाच्याही नावाने लिहितं. अक्का म्हणाली, "बसेल. मी तिला धाकटे म्हणते. त्या खोट्या पत्रांत मधल्याने सगळीकडे तिचं नाव लिहिलंय. तिने ते पहिल्यांदाच ओळखायला हवं होतं." आणि मग स्वतःशीच, "का ओळखेल? बाहेरच्या माणसाने आपल्या नावाने लिहिलं तर संशय येतो. घरातलं कोणी असं करेल हे डोक्यातही येत नाही."

पुढच्या मंगळवारी वर्ग चालू असताना तिने हात वर केला. शाळेत करतात तसा. मी गेले. यादीत सगळ्यात वर धाकटीचं नाव होतं, ठळक अक्षरात.

"तू वाच," अक्का म्हणाली.

"तुम्हाला वाचता येतं, अक्का."

"येतं. मला भीती वाटतेय. तू उघड, मी वाचते."

मी उघडलं. पत्र छोटं होतं.

'अक्का, तूच आहेस. मी चालत आले असते, असं फक्त तू म्हणतेस. तू मला टाकलं नाहीस हे वाचून मी कामावर सगळ्यांसमोर रडले. त्यानंतर चार दिवस मी एकच गोष्ट धरून बसलेय, ती विचारते. मी जे लिहिलं ते मी तुला लिहिलं होतं. माझं ऑपरेशन, त्यानंतर माझ्या घरात जे झालं ते. कुणालाच सांगितलं नव्हतं. ते सगळं दादाने वाचलं? तो माझी पत्रं चोरून वाचायचा, की तूच त्याला वाचायला दिली होतीस?'

अक्काने ते ओठ हलवत शेवटपर्यंत वाचलं. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून. तिचा चेहरा मी पाहिला आणि मला एकदम त्या दिवशीचा बिल्ला, माझं भाषण आणि मी तपासनीसांकडे वळवलेली मान हे सगळं आठवून स्वतःचीच चीड आली. मी घाईघाईने म्हटलं, "तिला नीट समजावून लिहा. लिहा की मला यातलं काही कळत नव्हतं. लिहा की त्याने विश्वास दिला होता. तुमची फसवणूक झाली, अक्का, तुमचा काय दोष?"

"ते नंतर लिहीन," अक्का म्हणाली. "तिने विचारलंय तेवढ्याचं उत्तर आधी."

मागे तपासनीस कुणाला तरी सांगत होते की डबीतला हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. अक्काने उत्तराची चौकट उघडली, 'धाकटे' असं लिहिलं आणि बराच वेळ बोट हवेत धरून बसली. मग 'ह' शोधला, त्याला काना आणि मात्रा दिली. 'हो. मी दिली होती.' एवढंच तिने लिहिलं, दोनदा वाचलं, आणि पाठवलं.